डेटॉलचा वास येणारी बिअर आणि नळाचं पाणी

पत्र थोडक्यात असं. लंडनच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलंय. नवरा-बायको मिळून घरी बिअर करतात, तीही तयार अर्काच्या किटमधून नाही तर माल्ट (मोड आणून वाळवलेलं सातू) दळून, मॅश करून, म्हणजे गरम पाण्यात भिजवून त्यातली साखर उतरवून. हिवाळ्यात केलेली स्टाउट (काळी बिअर) झकास झाली. उन्हाळ्यात दोनदा पेल एल (फिकट बिअर) केली आणि दोन्ही खेपा बिघडल्या: वास डेटॉलचा, आणि घोट उतरल्यावर जिभेच्या मुळाशी सुपारी चघळल्यासारखा तुरटपणा. पाणी मागच्या अंगणातल्या नळाला बागेची नळी लावून भरतात आणि क्लोरिन उडावं म्हणून रात्रभर बादलीत ठेवतात. दुकानातून आणलेलं ‘बर्टन सॉल्ट’ मोठा चमचा भरून घातलं होतं. नवरा म्हणतो, आरओ बसवू. ताई म्हणतात, ‘हेच पाणी आम्ही रोज पितो. पिण्याला चांगलं, मग बिअरला का नाही?’ सिंकखाली घरमालकाने बसवलेला सॉफ्टनर आहे, त्याचं पाणी घ्यावं का, हाही प्रश्न आहे.

ताई, तुमच्या बिअरमध्ये दोन वेगळे बिघाड एकत्र नांदताहेत. दोन्ही पाण्यातूनच आलेत, पण एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. डेटॉलचा वास क्लोरिनमुळे. तुरटपणा अल्कलिनिटीमुळे, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे; ते पुढे सांगतो. आरओ बसवलं तर दोन्ही जातील हे खरं, पण त्याबरोबर तुमच्या पाण्यातली कामाची गोष्टही जाईल, आणि ती पुन्हा पुडीतून विकत आणून घालावी लागेल.

आधी वासाचं बघू. डेटॉलमधलं मुख्य औषध क्लोरोझायलेनॉल, म्हणजे क्लोरिन जोडलेलं फिनॉलच. माल्टच्या टरफलात फिनॉल असतातच. पाण्यातला क्लोरिन त्यांना चिकटला की क्लोरोफिनॉल तयार होतं आणि ते अब्जात काही भाग इतकं कमी असलं तरी नाकाला कळतं. म्हणजे तुम्हाला जो वास आला तो डेटॉल‘सारखा’ नाही, त्याच्या सख्ख्या भावंडाचा आहे. पिण्याच्या पाण्यात क्लोरिन असणं योग्यच, तो आपल्याला जंतूंपासून वाचवतो. नुसत्या पाण्यात तो त्रासदायक नाही. माल्टशी गाठ पडली की होतो. ‘पिण्याला चांगलं ते बिअरला चांगलं’ हे गणित इथे चुकतं.

तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगी ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीय: स्टाउटच्या वेळी थंडीमुळे बाहेरचा नळ बंद होता, म्हणून स्वयंपाकघरातून पाणी भरलं. बागेची साधी नळी स्वतःच प्लास्टिकमधले फिनॉल पाण्यात सोडते, उन्हात तापलेली असेल तर जास्तच. त्यात क्लोरिनचं पाणी तासभर उभं राहिलं की निम्मं क्लोरोफिनॉल माल्टची वाटही बघत नाही. खातरी करायची असेल तर एका पेल्यात नळीचं पहिलं पाणी घ्या, दुसऱ्यात स्वयंपाकघरातलं. दोन्हींत उकळतं पाणी थोडं घालून कोमट करा आणि हुंगा. नळी बाद. लांबून पाणी आणायचंच असेल तर पिण्याच्या पाण्यासाठीची, फूड ग्रेड असं लिहिलेली नळी घ्या. (स्टाउटमध्येही दोष थोडा असू शकेल, भाजक्या माल्टच्या करपट चवीखाली बरंच काही झाकलं जातं.)

रात्रभर पाणी उघडं ठेवण्याची पद्धत मात्र अर्धीच खरी आहे. साधा क्लोरिन पसरट भांड्यातून बऱ्यापैकी उडतो, उंच बादलीतून हळू. पण क्लोरिन पाइपात जास्त दिवस टिकावा म्हणून पुष्कळ ठिकाणी त्यात अमोनिया मिसळून क्लोरामाइन करतात. ते रात्रभरात हलत नाही आणि पाव तास उकळलं तरी पूर्ण जाण्याची खातरी नसते. त्यामुळे कोणतं आहे याचा शोध घेत बसण्यापेक्षा दोन्हींवर चालणारा उपाय करा: कॅम्पडेन टॅब्लेट. घरी वाइन-बिअर करणाऱ्यांच्या दुकानात मिळते. सोडियम किंवा पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची साधारण 0.44 ग्रॅमची गोळी. तुमच्या 23 लिटरच्या खेपेला एकूण पाणी लागतं 32 लिटरच्या आसपास. त्याला अर्धी गोळी पुरते, नव्हे, उरते. गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून चुरा, वाटीभर पाण्यात विरघळवा, सगळ्या पाण्यात ओतून ढवळा. पाच-दहा मिनिटांत काम झालेलं असतं. उरलासुरला सल्फाइट पुढच्या उकळीत बहुतेक निघून जातो. घरात दमेकरी किंवा सल्फाइट न सोसणारं कोणी असेल तर मात्र ‘एक पूर्ण टाकू, बिघडलं कुठे’ असं करू नका.

‘सगळ्या पाण्यात’ यावर भर आहे. लोक मॅशच्या पाण्यात गोळी घालतात आणि माल्ट धुवायचं, म्हणजे स्पार्जचं पाणी सरळ नळातून घेतात. किंवा शेवटी फर्मेंटरमध्ये (बिअर आंबवायच्या भांड्यात) कमी पडलं म्हणून दोन लिटर नळाखाली धरतात. तेवढ्याने पुरतं वाटोळं होतं. किटमधून बिअर करणाऱ्या वाचकांना या लेखातलं एवढंच पुरे: वर घालायच्या पाण्यात गोळी टाका आणि बाकी क्षारांच्या भानगडीत पडू नका, कारण किटच्या अर्कात ते आधीच असतात.

आणखी एक संशयित तपासा. भांडी ब्लीचने निर्जंतुक करत असाल आणि खळबळून नीट धुतली गेली नसतील तर हाच वास येतो. लवंगेसारखा किंवा जळक्या प्लास्टिकसारखा वास असेल, डेटॉलसारखा नसेल, आणि तो आठवड्यागणिक वाढत असेल, तर पाण्याला दोष देऊ नका. बाहेरचं यीस्ट शिरलंय.

आता तुरटपणा. याचं मूळ शोधायला लंडनचा चहा आठवा. कपावर तपकिरी तवंग धरतो आणि लिंबू पिळलं की नाहीसा होतो. किटलीच्या तळाशी जो पांढरा चुना बसतो त्याचाच हा खेळ: पाण्यात कॅल्शियम आहे आणि बायकार्बोनेट आहे. आपण दोघांना एकत्र ‘जड पाणी’ म्हणून मोकळे होतो. बिअरच्या बाबतीत ही गफलत महागात पडते. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही तेव्हा गुन्हेगार कॅल्शियम, आणि आपण चिमूटभर सोडा टाकतो. मॅशमध्ये बरोबर उलटं. तिथे कॅल्शियम हवाच असतो: तो माल्टमधल्या फॉस्फेटशी जुळून मॅश आंबटाकडे नेतो, यीस्ट तळाशी बसवतो, बिअर निवळायला मदत करतो. नको असतो तो सोड्याचा भाऊ, बायकार्बोनेट. त्याचं माप म्हणजे अल्कलिनिटी.

पाण्याचा पीएच बघून काही कळत नाही, तो साडेसात असो की आठ. पीएच म्हणजे आम्ल-अल्कलीच्या पट्टीवर पाणी कुठे उभं आहे. अल्कलिनिटी म्हणजे तिथून हलायला ते किती हट्ट करतं. मॅशचा पीएच 5.3 ते 5.5 मध्ये आला पाहिजे. पेल एलचा फिकट माल्ट स्वतः फारसा आंबट नसतो, त्याला हा हट्ट मोडता येत नाही. स्टाउटमधला काळा, भाजलेला माल्ट बराच आम्लधर्मी, तो मोडतो. म्हणून तुमची स्टाउट जमली आणि पेल एल फसली; यात तुमच्या हाताचा दोष नाही. जुन्या लंडनचं नाव पोर्टर या गडद बिअरसाठी झालं, डब्लिनचं स्टाउटसाठी आणि मऊ पाण्याच्या प्ल्झेन या चेक शहराचं फिकट पिल्सनरसाठी (1842), त्यात पाण्याचा मोठा वाटा आहे.

पीएच चढा राहिला की स्पार्जच्या वेळी नुकसान होतं. साखर धुऊन निघत जाते तसा माल्टचा स्वतःचा जोर ओसरतो, पाण्याचा हट्ट वरचढ होतो, आणि पीएच 5.8 ते 6 च्या पुढे गेला, त्यातून पाणी 77 अंशांहून गरम असलं, की टरफलातला टॅनिन उतरू लागतो. तुमची सुपारी ती हीच. स्पार्जमधून येणाऱ्या रसाचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत घनता) 1.010 च्या खाली गेलं की थांबा. शेवटचा लिटर पिळून काढायचा मोह आवरा.

मोजल्याशिवाय औषध घालू नका. पाणी कंपनीच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकला की कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सल्फेट, क्लोराइड यांचे आकडे मिळतात. अल्कलिनिटी कधी असते, कधी नसते. बायकार्बोनेट दिला असेल तर त्याला 0.82 ने गुणा. काहीच नसेल तर मासे पाळणाऱ्यांच्या दुकानातून केएच टेस्ट किट आणा, ते अल्कलिनिटी मोजतं. किटमधल्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं, किटमधलं द्रावण थेंब थेंब टाकत हलवायचं, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. बहुतेक किटमध्ये एक थेंब म्हणजे एक अंश, आणि एक अंश म्हणजे लिटरला 17.9 मिलिग्रॅम. दुप्पट पाणी घेतलं तर प्रत्येक थेंब अर्ध्या अंशाचा, म्हणजे माप अधिक बारीक. हे दर खेपेला करा. वर्षाच्या अहवालातली सरासरी आणि आज नळातून आलेलं पाणी यांत फरक पडतो.

तुमच्या भागासारख्या पाण्याचं एक नमुना गणित मांडतो (सगळे आकडे लिटरला मिलिग्रॅम): अल्कलिनिटी 240, कॅल्शियम 115, मॅग्नेशियम 5, सल्फेट 50, क्लोराइड 40. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थोडा हट्ट आपणच मोडतात. किती, ते काढायला कॅल्शियमला 1.4 ने आणि मॅग्नेशियमला 1.7 ने भागून बेरीज अल्कलिनिटीतून वजा करायची. 115 चे 82, 5 चे 3. उरले 155. हा हिशेब 1953 मध्ये पॉल कोलबाखने मांडला, अजून तोच चालतो. स्टाउटला 155 चालून जातं. पेल एलला शून्याच्या आसपास किंवा खालीच हवं.

इथे बर्टन सॉल्टचा खुलासा होतो. इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या विहिरींत जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) भरपूर, तिथली कडवट पेल एल एकोणिसाव्या शतकात जहाजांतून हिंदुस्थानापर्यंत आली. पुडीत मुख्यतः तेच जिप्सम असतं. मोठ्या चमच्यात 15 ग्रॅम आलं असं धरू: 32 लिटरमध्ये कॅल्शियम 109 ने वाढलं, म्हणजे वरच्या 155 चे 77 झाले. पेल एलसाठी अजून चढंच. सल्फेट मात्र 50 चं 310 वर गेलं, आणि सल्फेट कडूपणाला धार लावतो. तुरटपणा होताच, त्याला धार आली. बर्टनचं पाणी बनवायला गेलात ते लंडनच्या पाण्यावर, आधीचं काही न काढता. दुसऱ्या गावाच्या पाण्याची नक्कल करण्याचा नादच सोडा. मॅशला काय हवंय एवढं बघा. आधी काढायचं, घालायचं नंतर.

अल्कलिनिटी 240 वरून 30 वर आणली की वरचा हिशेब शून्याखाली जातो. त्याचे मार्ग असे. उकळणं हा जुना मार्ग: 20 मिनिटं खळखळ उकळा, रात्रभर थंड होऊ द्या, वरची निवळ काढून घ्या, तळाचा चुना टाकून द्या. अल्कलिनिटी 70-80 पर्यंत येते. पण चुन्याबरोबर कॅल्शियमही जातो, अल्कलिनिटीच्या दर 50 ला 20 या हिशेबाने, म्हणजे 115 चा 50 च्या खाली. वीज जळते ती वेगळीच. हाताशी दुसरं काही नसेल तेव्हा ठीक.

लॅक्टिक ॲसिड सगळीकडे मिळतं. 80 टक्क्यांचं एक मिलिलिटर एका लिटर पाण्यातली साधारण 530 मिलिग्रॅम अल्कलिनिटी खातं. तुमच्या 32 लिटरला 210 उतरवायचे तर जवळजवळ 13 मिलिलिटर लागेल. एवढं लॅक्टिक बिअरमध्ये गेलं की ताकाची हलकी झाक जाणवू शकते. लिटरला 400 मिलिग्रॅमच्या आसपास जीभ ते पकडते आणि तुम्ही 375 वर पोचलेल्या असाल. निम्मं पाणी बाटलीबंद घेतलं (लेबलवर बायकार्बोनेट 30 च्या आत असलेलं) तर सहा मिलिलिटरमध्ये भागतं आणि चवीला बाधत नाही.

तुमच्या पाण्याला माझं मत मात्र तिसऱ्या मार्गाला: ब्रिटनमध्ये एएमएस किंवा सीआरएस या नावाने मिळणारं हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिक आम्लांचं मिश्रण. लिटरला एक मिलिलिटर घातलं की अल्कलिनिटी 183 ने उतरते, क्लोराइड 65 ने आणि सल्फेट 88 ने वाढतं. 32 लिटरला 37 मिलिलिटर घाला. क्लोराइड होईल 115, सल्फेट 151, कॅल्शियम आहे तसंच 115. ही तर पेल एलची तयार पाटीच झाली! वर एकाही पुडीची गरज नाही. हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) आणखी ठसठशीत हवे असतील तर 5 ग्रॅम जिप्सम, त्याने सल्फेट 240 च्या घरात जातं. पुढे जाऊ नका.

हातमोजे आणि चष्मा घाला. आम्ल मोजून पाण्यात ओता, पाणी आम्लात नाही. ढवळलं की बारीक बुडबुडे येतील, तो बायकार्बोनेट कार्बन डायऑक्साइड होऊन निघतोय. अर्धा तास द्या, मग केएच किटने पुन्हा मोजा. दोन थेंबांच्या आसपास रंग बदलला की जमलं. चार-पाच लागले तर आणखी थोडं आम्ल. पहिल्यांदा 37 च्या जागी 32 घालून मोजलेलं बरं. जास्त झालेलं काढता येत नाही.

क्षार तोलायला चमचा नको. 0.1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, सोनाराकडे असतो तसा. जिप्सम गरम पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून मॅश करताना दळलेल्या माल्टवरच भुरभुरवा. कॅल्शियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतो; पुडी उघडी राहिली की आठवड्यात चिकट गोळा होतो आणि तुम्ही अर्धं पाणीच तोलत असता. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. एप्सम सॉल्टच्या वाटेला जाऊ नका: मॅग्नेशियम माल्टमधून पुरेसा येतो आणि ते जुलाबाचं औषध म्हणून विकलं जातं हे विसरू नका.

मॅश सुरू करून दहा-पंधरा मिनिटं झाली की चमचाभर रस स्टीलच्या वाटीत घ्या, वाटी थंड पाण्यात फिरवा, 20 अंशांवर आला की पीएच मीटर बुडवा. गरम रसात मीटर बुडवला तर आकडा दोन-तीन दशांशांनी कमी दिसतो आणि मीटरचं आयुष्यही कमी होतं. मीटर त्याच सकाळी 4 आणि 7 च्या द्रावणात जुळवून घेतलेला हवा. 5.6 दाखवला तर 5.4 साठी 5 किलो माल्टला चारेक मिलिलिटर लॅक्टिक लागेल, साधारण मिलिलिटरमागे 0.05. दोन घाला, ढवळा, पुन्हा मोजा. कागदी पट्ट्यांवर विसंबू नका.

सॉफ्टनरचं पाणी अजिबात घेऊ नका. ते यंत्र कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम देतं, आणि अल्कलिनिटीला हातही लावत नाही. जडपणा 300 असेल तर जवळजवळ 140 सोडियम पाण्यात येतो. म्हणजे हवं ते गेलं, नको ते राहिलं आणि वर मीठ. सॉफ्टनर असलेल्या बऱ्याच घरांत पिण्यासाठीचा एक नळ त्याला वळसा घालून थेट आलेला असतो. दोन्ही नळांचं पाणी चाखून आणि जडपणा मोजणाऱ्या (जीएच, केएच नव्हे) टेस्ट किटने तपासून तो शोधा. फिल्टरचा जग बायकार्बोनेट आणि क्लोरिन दोन्ही कमी करतो, पण काडतूस जुनं होत जातं तसा किती करतो ते बदलत जातं. 32 लिटर त्यातून गाळत बसायला दिवस जाईल.

ज्यांचं पाणी तुमच्या उलट आहे अशांसाठी दोन ओळी. सॅन फ्रान्सिस्को शहराला ‘हेच हेची’ नावाच्या जलाशयाचं अगदी मऊ पाणी येतं, त्यात क्लोरामाइन असतं. तिथे कॅम्पडेन हवीच, आम्ल मात्र जेमतेम: 32 लिटरला जिप्सम 5 ग्रॅम, कॅल्शियम क्लोराइड 5 ग्रॅम, मॅशमध्ये दोन मिलिलिटर लॅक्टिक, मग पीएच बघायचा. ज्यांच्याकडे आरओचं पाणी आहे त्यांनीही हेच करावं. मात्र महाराष्ट्रातल्या वाचकांनो, 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे, घरच्यापुरतंही. ब्रिटनमध्ये स्वतःपुरत्या बिअरसाठीचा परवाना 1963 मध्येच रद्द झाला. विकायची मात्र नाही.

राहिला आरओचा वाद. नवऱ्याची सूचना चुकीची नाही, पण घर भाड्याचं, आणि आम्लाची एक बाटली कित्येक खेपा पुरते. पुढची पेल एल स्वयंपाकघरातल्या सॉफ्टनरविना नळाचं पाणी, अर्धी गोळी आणि मोजलेलं आम्ल यांवर करा. सगळं जमल्यावर मग कधी पिल्सनर करायची हुक्की आली तर 115 क्लोराइड आणि 151 सल्फेट तिला जड होतील. तेव्हा आरओचं किंवा बाटलीचं पाणी मिसळायला घ्या.

फर्मेंटरमध्ये उरलेल्या खेपेचं काय, असं तुम्ही विचारलंय. क्लोरोफिनॉल मुरल्याने जात नाही, आता कॅम्पडेन घालून जात नाही, हॉप्स घालून झाकलं जात नाही. बाटल्या भरण्याची मेहनत वाचवा आणि ओतून द्या. नळी मात्र बागेतच ठेवा, झाडांना चालते.